तळघर-पार्किंगमधलं पाणी आणि सम्प पंप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना लागला की सोसायट्यांच्या कमिट्यांकडून हे प्रश्न यायला लागतात, आणि जुलैतल्या पहिल्या मोठ्या पावसानंतर तर रोज येतात. बहुतेक प्रश्न पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे आणि मुंबईतल्या तळघर-पार्किंगचे आहेत. बंगल्याच्या तळघरालाही यातलं बरंचसं लागू पडतं. पंपाचं कोटेशन मागवायच्या आधी प्रश्न २ आणि प्रश्न ९ जरूर वाचा, कारण सोसायट्यांचे पैसे वाया जातात ते मुख्यतः या दोन ठिकाणी.

१. सम्प पंप म्हणजे नक्की काय? गच्चीवर पाणी चढवायचा पंप आमच्याकडे आहेच, तोच वापरला तर?

तळघरात सर्वांत खोलगट जागी एक खड्डा करतात. आजूबाजूचं पाणी चरांतून त्यात उतरतं, ठराविक पातळीला आलं की खड्ड्यातला पंप आपोआप सुरू होतो आणि पाणी इमारतीबाहेर फेकतो.

गच्चीचा पंप इथे चालत नाही. तो थोडं पण स्वच्छ पाणी खूप उंच चढवण्यासाठी असतो. तळघरात काम नेमकं उलटं असतं: उंची जेमतेम एक-दोन मजल्यांची, पाणी भरपूर, आणि त्यात माती, वाळू, पालापाचोळा, गुटख्याच्या पुड्या. यासाठी ड्रेनेज सबमर्सिबल पंप लागतो. दुकानात ‘डीवॉटरिंग’ किंवा ‘मडपंप’ म्हटलं की कळतं. बोअरचा सबमर्सिबलही खड्ड्यात सोडू नका. त्याची मोटर गार राहायला भोवती पुरेसं पाणी वाहतं लागतं, आणि गाळाने तो लवकर बसतो.

२. पाणी नेमकं कुठून येतंय हे आम्हाला कसं कळणार? प्लंबर प्रत्येक वेळी वेगळं सांगतो.

पाणी चार वाटांनी येतं, आणि प्रत्येकीवरचा इलाज वेगळा आहे.

पहिली वाट रॅम्पची. पाऊस सुरू असतानाच पाणी येतं आणि थांबल्यावर तासाभरात ओसरतं, तर ते वरून वाहून आलेलं आहे.

दुसरी जमिनीतल्या पाझराची. पुण्यात काळ्या मातीखाली मुरूम आणि त्याखाली खडक असतो. पावसाचं पाणी मुरमातून झिरपतं, खडकाच्या भेगांतून आडवं सरकतं आणि तळघरासाठी केलेल्या खोदाईत येऊन साठतं. त्यामुळे पाऊस उघडला तरी पाझर आठवडेच्या आठवडे, काही ठिकाणी थेट दिवाळीपर्यंत चालू राहतो. पाणी स्वच्छ असतं, वास नसतो, आणि ते भिंत-फरशीच्या सांध्यातून किंवा फरशीच्या भेगांतून येतं. मुंबईत भराव टाकून तयार केलेल्या जमिनीवर आणि खाडीकाठी भरतीच्या वेळा लिहून ठेवा. भरतीबरोबर पाझर वाढत असेल तर कारण तिथेच आहे.

तिसरी वाट तुमच्या स्वतःच्या टाकीची, आणि हिच्याकडे सर्रास दुर्लक्ष होतं. पिण्याच्या पाण्याची जमिनीखालची टाकी बहुतेक सोसायट्यांत तळघराला लागूनच असते. रात्री टाकीत येणारं पाणी बंद करा, पंप बंद ठेवा, आत पातळीला खूण करा आणि सकाळी पाहा. पातळी उतरली असेल तर पंप घेण्याआधी टाकी दुरुस्त करा. पाझराच्या पाण्यात ओटी द्रावणाचे (क्लोरिन तपासायच्या औषधाचे) थेंब टाकल्यावर ते पिवळं पडलं, तर त्यात क्लोरिन आहे, म्हणजे पाणी नळाचं आहे. पिवळं पडलं नाही म्हणून टाकी निर्दोष ठरत नाही, कारण मातीतून येताना क्लोरिन उडून गेलेला असू शकतो. उन्हाळ्यातही पाणी येत असेल तर आधी टाकी आणि नळाच्या लाइनीच तपासा.

चौथी वाट ड्रेनेजची. वास, काळपट रंग, सकाळी आंघोळीच्या वेळी वाढणारं पाणी या खुणा. चेंबर तुंबलाय किंवा लाइन फुटलीय. इथे सम्प पंप हा इलाजच नाही.

३. पंप बसवला की भिंतींची ओलही जाईल ना?

नाही. पंप फक्त खड्ड्यापर्यंत आलेलं पाणी काढतो. फरशीखालचा दाब थोडा उतरला तर ओल कमी दिसेल, पण भिंतीतून येणाऱ्या पाझराला ग्राउटिंग (भेगांत सिमेंट किंवा रसायन दाबाने भरणं) किंवा वॉटरप्रूफिंगच करावं लागतं. दोन्ही कामांची कोटेशनं वेगवेगळी मागवा. ‘पंप लावतो, ओलही जाईल’ असं सांगणाऱ्या ठेकेदाराकडून ते लेखी मागा.

४. किती एचपीचा पंप घ्यायचा? एक जण अर्धा म्हणतो, दुसरा पाच.

एचपी सगळ्यांत शेवटी ठरतो. आधी पाणी आणि उंची काढा.

एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी होतं. समजा रॅम्प ६ मीटर रुंद, १५ मीटर लांब आणि उघडा आहे, म्हणजे ९० चौरस मीटर. जोराच्या सरीसाठी तासाला १०० मिलिमीटर धरा. जास्त वाटेल, पण २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता, आणि असा पाऊस दिवसभर सारखा वाटून पडत नाही. तासाला ९,००० लिटर, म्हणजे मिनिटाला १५० लिटर. पाझराचे मोजून समजा ५० मिळाले. एकूण मिनिटाला २०० लिटर.

पाझर मोजणं सोपं आहे. आहे तो खड्डा उपसा, पातळी एक फूट वर यायला किती मिनिटं लागली ते पाहा आणि खड्ड्याच्या क्षेत्रफळावरून लिटर काढा. हे ऐन पावसाळ्यात करा. मे महिन्यातल्या मोजणीवर पंप ठरवू नका.

आता उंची. खड्ड्याच्या तळापासून बाहेरच्या गटारापर्यंत सरळ उंची ५.५ मीटर, वर पाइप, बेंड आणि व्हॉल्व्हमधल्या घर्षणाचे अडीच मीटर धरले तर ८ मीटर. यालाच ‘हेड’ म्हणतात. सेकंदाचे लिटर गुणिले मीटर भागिले ७५, आणि त्याला पंपाच्या कार्यक्षमतेने भागायचं. छोट्या मडपंपाला ४० टक्के धरा. उत्तर येतं ०.९ एचपी. म्हणजे १ एचपी काठावर बसतो, दीड एचपी घ्या.

दुकानदाराला विचारायचा प्रश्न असा: ‘८ मीटर हेडला हा पंप मिनिटाला किती लिटर देतो?’ खोक्यावर छापलेला सर्वांत मोठा आकडा जवळजवळ शून्य उंचीचा असतो. कर्व्ह (कुठल्या उंचीला किती पाणी याचा आलेख) किंवा तक्ता दाखवत नसेल तर दुसरं दुकान गाठा. आणि ‘मोठा असलेला बरा’ हेही खरं नाही. पाच एचपीचा पंप छोटा खड्डा क्षणात रिकामा करतो, बंद पडतो, पुन्हा सुरू होतो, आणि अशा चालू-बंदने मोटर जळते.

५. खड्डा केवढा आणि कुठे हवा?

पंप तासाला १२ वेळांपेक्षा जास्त सुरू होऊ नये असं धरलं, तर मिनिटाला ३०० लिटरच्या पंपाला (गरज २०० ची असली तरी दीड एचपीचा साधारण एवढं देतो) ‘चालू’ आणि ‘बंद’ पातळीमध्ये साधारण ३७५ लिटर पाणी मावायला हवं. १.२ मीटर गुणिले १.२ मीटरच्या खड्ड्यात ३० सेंटिमीटरच्या पट्ट्यात ४३० लिटर मावतं, म्हणजे काम भागतं. खोली १.२ ते १.५ मीटर ठेवा, कारण तळाला गाळासाठी जागा लागते आणि पंप तळाला टेकवायचा नसतो, विटांच्या किंवा काँक्रीटच्या ओट्यावर ठेवायचा असतो.

जागा फरशीच्या उताराच्या शेवटी. वरून गाडी जाणार असेल तर झाकण तेवढ्या वजनाचं हवं. रॅम्पच्या पायथ्याशी जाळीचा आडवा चर आणि खड्ड्याआधी एक छोटा गाळ-चेंबर ठेवाच. या चेंबरला खर्च थोडा येतो आणि पंपाचं आयुष्य त्याच्यावर उभं असतं.

६. बिल्डरने खड्डाच ठेवलेला नाही. फरशी फोडून करता येईल का?

कधी येईल, कधी अजिबात नाही. इमारत राफ्टवर (खाली सलग पसरलेल्या काँक्रीटच्या पायावर) उभी असेल तर तुम्ही ज्याला फरशी म्हणता तोच पाया असू शकतो. त्यातली सळई कापणं आणि खालचा वॉटरप्रूफिंगचा थर भेदणं हा ठेकेदाराच्या अंदाजाचा विषय नाही. मंजूर स्ट्रक्चरल ड्रॉइंग काढा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या.

परवानगी मिळाली नाही तरी मार्ग आहेत. फरशीवर जादा काँक्रीटचा उतार देऊन कोपऱ्यात उथळ चर करता येतो आणि काही मिलिमीटर पाण्यापर्यंत ओढणारा उथळ सक्शनचा पंप तिथे बसवता येतो. पण असे पंप गाळाला नाजूक असतात.

७. फ्लोट स्विच दर वर्षी फसतो. काय चुकतं?

बहुतेक वेळा जागेची अडचण असते. फ्लोट म्हणजे पाण्याबरोबर वर-खाली होऊन पंप चालू-बंद करणारा तरंगता स्विच. लोंबता फ्लोट केबलच्या लांबीच्या वर्तुळात फिरतो. खड्डा अरुंद असेल तर तो भिंतीला, पाइपला किंवा पंपाच्या कडीला अडकतो. वर अडकला तर पंप कोरडा चालून जळतो, खाली अडकला तर पाणी भरतं. केबलची मोकळी लांबी कमी करा, फ्लोट पंपाच्या विरुद्ध बाजूला बांधा आणि पाणी पडणाऱ्या पाइपच्या धारेपासून दूर ठेवा. अरुंद खड्ड्यात उभ्या दांड्यावर सरकणारा फ्लोट चांगला. सळयांचे लेव्हल सेन्सर स्वच्छ पाण्यात उत्तम चालतात, तेलकट-गाळकट पाण्यात त्यांच्यावर थर बसतो.

८. एक पंप पुरेल की दोन हवेत? वर पाइपचं काम कसं असावं?

दोन. तळघरात गाड्या, मीटर, लिफ्टचं सामान असताना एका पंपावर विसंबणं मला पटत नाही. दोन्ही सारखे घ्या, पॅनलमध्ये आलटून-पालटून चालतील अशी सोय करा. दुसरा ‘राखीव’ म्हणून नुसता पडून राहिला तर गरजेच्या दिवशी तो जाम झालेला निघतो. त्यांच्या वर तिसरा फ्लोट फक्त अलार्मसाठी: भोंगा वॉचमनच्या केबिनमध्ये वाजला पाहिजे, तळघरात नाही.

पाइप पंपाच्या तोंडापेक्षा बारीक करू नका. मिनिटाला ३०० लिटरसाठी दोन इंचीपेक्षा अडीच इंची चांगला. प्रत्येक पंपाला स्वतःचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवा, नाहीतर एकाचं पाणी दुसऱ्यातून परत खड्ड्यात येतं. व्हॉल्व्हच्या खालच्या पाइपला ३ ते ५ मिलिमीटरचं छिद्र पाडतात, म्हणजे पंपात अडकलेली हवा सुटते. त्या छिद्रातून पाण्याची चिळकांडी उडते ती गळती नव्हे, कुणाला एम-सील लावू देऊ नका. पंप उचलायला साखळी किंवा नायलॉनचा दोर बांधा. केबलला धरून उचलला की केबलचं सील ढिलं होतं आणि मोटरमध्ये पाणी शिरतं.

९. उपसलेलं पाणी कुठे सोडायचं?

पावसाळी गटारात. मैल्याच्या ड्रेनेज लाइनीत नाही: ती लाइन एवढ्या पाण्यासाठी नसते आणि पावसात तुंबली की तळमजल्याच्या संडासांतून उलटी येते.

सर्वांत जास्त दिसणारी चूक मात्र वेगळी आहे. पाइप कंपाउंडच्या आत, इमारतीला लागून असलेल्या शोषखड्ड्यात सोडलेला असतो. पाणी मुरमात उतरतं, भिंतीपाशी येतं आणि काही तासांत पुन्हा तळघरात. पंप दिवसरात्र चालतो आणि सगळे म्हणतात, ‘झरा लागलाय.’ खात्री करायची असेल तर पाइपच्या तोंडाला एक दिवस लांब होज जोडून पाणी थेट रस्त्याकडेच्या गटारात सोडा आणि पंप तासात किती मिनिटं चालतो ते मोजा. पावसाच्या पाण्याचे पुनर्भरणाचे खड्डेही याच कारणासाठी तळघराच्या भिंतीपासून लांब हवेत.

पार्किंगमधलं पाणी बोअरमध्ये सोडू नका. त्यात तेल असतं, आणि एकदा भूजलात गेलेलं तेल परत काढता येत नाही.

१०. लाइट गेली तर?

मोठा पाऊस आणि वीज जाणं बरोबरच येतं, त्यामुळे हा प्रश्न पहिल्याच मीटिंगमध्ये घ्या. सोसायटीचा डीजी सेट (डिझेल जनरेटर) असेल तर सम्प पंप त्याच्या लोडवर आहे का ते पाहा. लिफ्ट आणि जिन्याचे दिवे असतात, पंप अनेकदा राहून गेलेला असतो. डीजी नसेल तर इंजिनवरचा पंप भाड्याने मिळण्याची सोय आधीच करून ठेवा. पण पेट्रोल किंवा डिझेल इंजिन तळघरात कधीही चालवू नका. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वास येत नाही आणि माणूस जागीच कोसळतो. इंजिन उघड्यावर, फक्त पाइप आत.

११. शॉक लागू नये म्हणून काय पाहायचं?

पॅनल तळमजल्यावर हवं, तळघरात नाही. लाइनीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), नीट अर्थिंग, ओव्हरलोड आणि ड्राय-रन (पंप कोरडा चालण्यापासून) संरक्षण, थ्री फेज असेल तर सिंगल फेज प्रिव्हेंटर (एखादी फेज गेली की मोटर बंद करणारा). पाण्याखाली केबलला टेप गुंडाळलेला जोड चालणार नाही. जोड लागलाच तर पाण्याच्या वर, बंद डबीत. आरसीसीबी सारखा पडतो म्हणून तो काढून थेट वायर जोडणाऱ्या इलेक्ट्रिशियनला थांबवा. तो पडतोय याचा अर्थ करंट गळतोय. ई-गाड्यांचे चार्जिंग पॉइंट तळघरात असतील तर तेही पुराच्या पातळीचा विचार करून उंचावर घ्यायला सांगा.

१२. रस्त्यावरच गुडघाभर पाणी असेल तर पंप वाचवेल का?

नाही. तुम्ही फेकलेलं पाणी रॅम्पवरून परत आत येईल. २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणाच्या विसर्गाने पुण्यात सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी शिरलं, तशा पुरापुढे कुठलाही सम्प पंप टिकत नाही. इथे बचाव रॅम्पच्या तोंडाशीच करावा लागतो: रस्त्यापेक्षा उंच उंचवटा, आणि दोन्ही बाजूंना खाचा ठेवून त्यात सरकवायच्या फळ्या. उंचवटा केवढा हवा ते आतापर्यंतच्या सर्वांत मोठ्या पाण्याच्या खुणेवरून ठरवा. वॉचमनला ती खूण माहीत असते.

पाणी आत शिरू लागलं की कुणीही गाडी काढायला खाली जायचं नाही. २७ जुलै २०२४ ला दिल्लीत ओल्ड राजिंदर नगरच्या एका कोचिंग क्लासच्या तळघरात पाणी घुसलं आणि तीन विद्यार्थ्यांचा जीव गेला. रॅम्पवरून येणारा लोंढा दार उघडू देत नाही. हा नियम लिहून लिफ्टजवळ लावा, आणि लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करण्याची जबाबदारी एका माणसाला नावाने द्या.

१३. तळघर छातीभर भरलंय. लवकरात लवकर उपसायचं ना?

घाई करू नका. आधी तळघराची वीज वरून बंद करा. मेन स्विच खाली असेल तर वीज कंपनीला कळवा, पाण्यात उतरून बंद करायला जाऊ नका.

बाहेरची जमीन पाण्याने भरलेली असताना आतलं पाणी एकदम काढलं, की भिंतीवर आणि फरशीवर बाहेरचा दाब एकटाच उरतो. ३ मीटर पाण्याचा दाब तळाशी दर चौरस मीटरला ३ टन असतो. रिकामं घमेलं पाण्यात दाबलं की उसळतं, तशी फरशी वर उचलली जाऊ शकते. फूटभर उपसा, भिंतीवर खूण करा, काही तास थांबा. पातळी पुन्हा चढली तर बाहेरचं पाणी अजून उतरलेलं नाही, दुसऱ्या दिवशी पाहा. फरशी फुगलेली किंवा नव्या भेगा दिसल्या तर थांबा आणि इंजिनिअरला बोलवा.

१४. पंपाचा आवाज येतो, पाणी मात्र कमी होत नाही. मोटर गेली का?

लगेच मोटर काढू नका. थ्री फेज पंप असेल आणि नुकतंच पॅनलचं किंवा मीटरचं काम झालं असेल, तर फेज उलटी लागून पंप उलटा फिरत असण्याची शक्यता मोठी. पंप फिरतो, आवाज करतो, थोडं पाणीही देतो, म्हणून लवकर लक्षात येत नाही. दोन फेज अदलाबदल केल्या की काम होतं. तेही नसेल तर क्रमाने पाहा: तळाची जाळी पिशवीने बंद, हवा अडकलेली (प्रश्न ८ मधलं छिद्र), नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह अडकलेला, आणि पाणी परत येत असणं (प्रश्न ९).

१५. पाझराचं पाणी आधी स्वच्छ होतं, आता गढूळ येतंय. काळजीचं आहे का?

हो, आणि थांबण्यासारखं नाही. सतत गढूळ पाणी म्हणजे पायाखालची बारीक माती पाण्याबरोबर निघून येतेय. पारदर्शक बाटलीत पाणी भरून रात्रभर ठेवा. तळाला मातीचा थर बसला तर तारीख लिहून फोटो काढा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. खड्ड्याभोवती गाळणीचा थर नसणं हे नेहमीचं कारण. तो वेळेत घातला तर काम थोडक्यात निभावतं. भरावावरच्या इमारतींनी हे विशेष जपावं.

१६. लिफ्टच्या खड्ड्यातच पंप सोडला तर?

नको. लिफ्टचा खड्डा कोरडाच हवा. शेजारी वेगळा खोल खड्डा करून लिफ्टच्या खड्ड्यातलं पाणी त्यात उतरवा. काम लिफ्ट कंपनीच्या माणसाला विचारून, लिफ्ट बंद ठेवूनच करा.

१७. देखभाल काय आणि कधी?

मे महिन्यात गाळ काढा, मग बादल्यांनी पाणी ओतून दोन्ही पंप आणि अलार्म खरोखर चालतात का ते पाहा. पावसाळ्यात आठवड्याला एकदा जाळी साफ करा, बाकी वर्षभर पंधरवड्याला एकदा पंप फिरवा. झाकण घट्ट ठेवा, कारण साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंगीचे डास होतात.

गाळ काढायला कुणाला खोल बंद खड्ड्यात उतरवू नका. ड्रेनेजचा संबंध असेल तर विषारी वायू असतोच असं धरून चाला. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि काम देणारी सोसायटी त्यातून सुटत नाही. पंप वर ओढून घ्या, गाळ सक्शनने काढा.

१८. विजेचं बिल किती वाढेल?

दीड एचपीचा पंप तासाला साधारण दीड युनिट घेतो. रोज ४ तास, १०० दिवस चालला तर ६०० युनिट.

१९. इमारत नवीन आहे. खर्च बिल्डरने द्यायला नको का?

रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार, ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष लेखी कळवला, तर प्रवर्तकाने (म्हणजे बिल्डरने) तो ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्त करायचा असतो. तळघरातली गळती यात बसते हे दाखवायला पुरावा लागतो, म्हणून प्रश्न २ मधल्या तपासण्या तारखेसह लिहून ठेवा. पाच वर्षं संपायला एक पावसाळा उरला असेल तर तो वाया घालवू नका.

२०. आम्ही न्यू जर्सीत राहतो. घराच्या बेसमेंटमध्ये सम्प पंप आहे, इथे काय वेगळं?

तत्त्व तेच, पण तीन गोष्टी वेगळ्या. हिवाळ्यात बाहेरचा पाइप गोठतो आणि पंप बंद तोंडावर चालत राहतो, म्हणून पाइपला पूर्ण उतार द्या. बॅटरीवरचा राखीव पंप घ्या. आणि घराच्या नेहमीच्या विम्यात सम्प पंप बंद पडून झालेलं नुकसान सहसा धरलेलं नसतं, त्यासाठी विम्याला वेगळी पुरवणी जोडून घ्यावी लागते. १ सप्टेंबर २०२१ च्या ‘आयडा’ वादळात न्यूयॉर्क शहरात जे दगावले त्यांतले बहुतेक तळघरातल्या घरांमध्ये होते. तुमच्या बेसमेंटमध्ये आईवडील किंवा भाडेकरू झोपत असतील तर अलार्म त्यांना झोपेतून उठवेल एवढा मोठा हवा, आणि बाहेर पडायला दुसरी वाट हवी.

२१. पाझराचं पाणी रोज गटारात जातं, जिवावर येतं. बागेला वापरू का?

वापरा, फक्त रॅम्पचं पाणी त्यात मिसळू देऊ नका. भिंतीच्या कडेचा पाझराचा चर वेगळ्या खड्ड्यात घ्या आणि तिथून छोट्या पंपाने बागेच्या टाकीत. आधी एकदा प्रयोगशाळेत तपासून घ्या. त्यात मैल्याचे जंतू निघाले तर बागेचा विचार सोडा आणि प्रश्न २ मधल्या चौथ्या वाटेकडे वळा. पिण्यासाठी हे पाणी कुठल्याही परिस्थितीत नको.